सगळ्यात सुंदर पायवाटच संध्याकाळी नकोशी का होते?

सांजवारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय, आज लिहूनच टाकते.

मी रोज फिरायला जाते त्या बागेत मागच्या अंगाला एक वळणाची पायवाट आहे. दोन्हीकडची झुडपं डोक्याच्या वर गेलीत, वर फांद्यांची कमान, खाली गळलेल्या पाकळ्यांचा सडा. नवीन माणूस बागेत आला की पहिला फोटो तिथेच काढतो. सकाळी मी मुद्दाम त्या वाटेने जाते. आणि संध्याकाळी सातनंतर तीच वाट टाळून मैदानाच्या कडेने लांबचा वळसा घेते, जिथे बघण्यासारखं काहीच नाही, नुसतं गवत आणि चार बाक.

त्या वाटेवर कधी काही वाईट घडल्याचं मी ऐकलेलं नाही. म्हणजे भीती काही अनुभवातून आलेली नाही. म्हणून परवा अंधार पडायच्या जरा आधी त्या वळणापाशी मुद्दाम उभी राहिले आणि नीट पाहिलं. चार-पाच पावलांपुढचं काही दिसत नाही. पलीकडून पावलं वाजली, आणि माणूस अगदी समोर येईपर्यंत कोण आहे ते कळलंच नाही. एक आजोबा होते, हसून पुढे गेले. पण मधल्या त्या पाच-सहा सेकंदात माझा हात पिशवीतल्या फोनवर गेला होता. सकाळी ह्याच न दिसण्याची ओढ वाटते, पुढे काय असेल म्हणून. संध्याकाळी तेच न दिसणं अंगावर येतं.

बागेची देखभाल बघणाऱ्यांशी बोलले तर ते लगेच म्हणाले, मग झुडपं मुळापासून काढून टाकू. मला ते अजिबात नकोय! ती वाट गेली तर बागेत राहील काय? म्हणून विचारतेय, सौंदर्य आणि सुरक्षित वाटणं यात एकच काहीतरी निवडायला लागतं का? तुमच्या ओळखीच्या बागांमध्ये काय अनुभव आहे?

पाऊलखुणा

अगदी अगदी! मला वाटायचं हे फक्त माझंच आहे. वाचतेय.

झाडवेडा

चांगला धागा आहे ताई. मी बागांचे आराखडे करतो त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर रोजचा आहे, जरा सविस्तर लिहितो.

जे ॲपलटन नावाच्या ब्रिटिश भूगोलतज्ज्ञाने १९७५ मध्ये एक मांडणी केली होती, की माणसाला तो देखावा आवडतो जिथून लांबवर दिसतं आणि आपल्याला आडोसाही मिळतो. आपण बघू शकतो पण पटकन दिसत नाही, अशी जागा. टेकडीवरच्या झाडाखाली बसायला का आवडतं त्याचं उत्तर यात बरंचसं मिळतं. पण शहरातल्या बागेत मेख अशी आहे की आडोसा मला मिळतो तसा दुसऱ्यालाही मिळतो. बॉनी फिशर आणि जॅक नासर यांनी १९९२ मध्ये अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात नेमकं हेच तपासलं. लोकांना सगळ्यात जास्त भीती कुठे वाटते, तर जिथे पुढचं दिसत नाही, कुणालातरी लपायला जागा आहे आणि आपल्याला सटकायला वाट नाही, ह्या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे. तुमच्या वळणावर तिन्ही आहेत बघा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. एकच काही निवडायला लागत नाही, पण कात्री कुठे चालवायची ते कळायला हवं. आमच्या कामात एक ढोबळ नियम आहे, वाटेलगतचं झुडूप साधारण २ फुटांच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि झाडाच्या फांद्या ६ फुटांच्या खाली येऊ द्यायच्या नाहीत. मधली पट्टी मोकळी ठेवायची कारण माणसाची नजर तिथून जाते. पण हा नियम आख्ख्या बागेला लावला तर बागेचं मैदान होतं, आणि तसं झालेलं मी पाहिलंय, फार वाईट वाटतं.

वळणाचं म्हणाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. वाट डावीकडे वळत असेल तर पुढचं बघताना आपली नजर डावीकडच्या, म्हणजे वळणाच्या पोटातल्या झुडपांवरून आरपार जाते. उजवीकडची, बाहेरच्या बाजूची झुडपं नजरेच्या आड येतच नाहीत, ती तर समोरचा पडदा असतात, शोभा तीच देतात. म्हणजे फक्त पोटातली बाजू उतरवायची, बाहेरची आहे तशी दाट ठेवायची. सगळं मुळापासून काढायची काहीच गरज नाही.

निवांत_वाचक

एक प्रामाणिक प्रश्न, कुणी रागावू नका. जर तिथे कधी काही घडलंच नाहीये तर ही भीती मनाचीच नाही का? मी रात्री दहालाही अशा वाटांनी गेलोय, कधी मनात आलं नाही. आपल्या वाटण्यासाठी बागेत बदल करायचे का?

पाऊलखुणा

@निवांत_वाचक दादा, रागावत नाही पण एकदा विचार करून बघा. काही घडलं नाही कारण सातनंतर आम्ही तिथे जातच नाही. जी बाई आलीच नाही तिची नोंद कुठे होणार? बागेच्या वहीत "एकही तक्रार नाही" असंच दिसणार, आणि बाग निम्म्या लोकांसाठी सातला बंद झालेली असणार.

वाचनवेडी

+१ पाऊलखुणा. यात अजून एक भर घालते. विल्यम व्हाइट म्हणून न्यूयॉर्कमध्ये एक निरीक्षक होते, चौकांमध्ये, बागांमध्ये कॅमेरा लावून लोक कुठे बसतात, कुठून जातात ते वर्षानुवर्षं बघत राहिले. त्यांचं म्हणणं असं होतं की जागा चांगली चाललीय की नाही हे तिथल्या बायकांच्या प्रमाणावरून कळतं, कारण बायका जागा जास्त पारखून निवडतात. बायकांचं प्रमाण नेहमीपेक्षा कमी दिसलं की तिथे काहीतरी बिघडलंय असं समजायचं.

त्यांचंच ब्रायंट पार्कचं काम बघा. न्यूयॉर्कच्या ऐन मध्यात, मोठ्या वाचनालयाच्या पाठीमागे असलेली ही बाग १९७० च्या दशकात ड्रग्ज विकणाऱ्यांची झाली होती. आणि ती काही ओसाड जागा नव्हती हो, उंच झाडं, दगडी कठडे, सगळं भारदस्त. पण बाग रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती लोखंडी कुंपण आणि दाट हेज (झुडपांची भिंत), आत शिरायच्या वाटा अरुंद आणि मोजक्या. रस्त्यावरून आतलं दिसायचं नाही, आत गेलेल्याला बाहेरचं दिसायचं नाही. व्हाइट यांनी सुचवलं ते फार साधं होतं, कुंपण आणि हेज काढा, वाटा रुंद करा, नवीन वाटा उघडा. १९९२ मध्ये बाग पुन्हा उघडली तेव्हा मोठी झाडं तशीच होती, हिरवळ होती, आणि शेकडो सुट्या खुर्च्या ठेवल्या होत्या ज्या ज्याने त्याने आपल्याला हव्या तिथे ओढून घ्यायच्या. मला त्या खुर्च्यांचं फार महत्त्व वाटतं कारण कुणाजवळ बसायचं, कुणापासून लांब, तोंड कुठे करायचं हे आपण ठरवतो. बागेवर आपला थोडा तरी ताबा आहे असं वाटलं की भीती आपोआप उतरते.

निवांत_वाचक

@पाऊलखुणा पटलं. खरं सांगायचं तर आत्ताच बायकोला विचारलं, आमच्या इथल्या बागेत तू कुठली वाट टाळतेस. तिने एका दमात तीन जागा सांगितल्या. एकत्र फिरायला लागून नऊ वर्षं झाली, मला एकही माहीत नव्हती.

खारूताई

थांबा थांबा, झुडपांच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं!

माझा जीव पक्ष्यांत अडकलाय. तुम्ही ज्याला लपायची जागा म्हणताय ती छोट्या पक्ष्यांची घरं आहेत. उंच झाड आणि खाली कातरलेलं गवत एवढंच ठेवलं तर मधला सगळा थर जातो, मग जमिनीलगत आणि झुडपात घरटी करणारे पक्षी जातात, फुलपाखरांच्या अळ्यांचं अन्न जातं. आणि मला सुंदरही तेच वाटतं, जरा जंगली, जरा अस्ताव्यस्त. सुरक्षितता म्हटलं की पहिला हात झाडांवर पडतो त्याचं फार दुःख होतं. दिवा बंद असेल, फाटक अर्ध्या वाटेवर कुलूप लावलेलं असेल, तिकडे बघायचं नाही आणि आधी करवत काढायची.

झाडवेडा

खारूताई, मी तुमच्याच बाजूने आहे. जोन नासाउअर ह्या अमेरिकन लॅण्डस्केप आर्किटेक्ट बाईंनी १९९५ मध्ये ह्याच पेचावर लिहिलंय. त्यांचं म्हणणं, रानटी वाढीचं लोकांना वावडं नसतं, लोक शोधत असतात ती काळजीची खूण. दाट रानाच्या कडेने गवताची एक नीट कापलेली पट्टी ठेवा, साधं नीटनेटकं कुंपण ठेवा, मग तीच अस्ताव्यस्त वाढ "सोडून दिलेली" न वाटता "राखलेली" वाटते. मी हे स्वतः करून पाहिलंय. एका बागेत दाट झुडपांचा मोठा पुंजका होता, तो तोडायची मागणी होती. आम्ही आतलं एक पानही न तोडता वाट आणि पुंजका यांच्यामध्ये तीन-चार पावलं रुंद गवताची पट्टी काढली, कड सुतासारखी सरळ ठेवली. तक्रारी थांबल्या. झाडी तेवढीच राहिली, फक्त वाटेच्या अंगावर येईनाशी झाली, आणि इथे कुणीतरी येऊन जाऊन असतं हे दिसायला लागलं.

दाट भाग कुठे ठेवायचा हेही ठरवता येतं. जिथून रोज पाय जातात तिथे मोकळं, आणि ज्या कोपऱ्यात मुद्दाम जायचं तिथे मनसोक्त रान. पक्ष्यांनाही तेच बरं, त्यांनाही माणसांची वर्दळ नकोच असते.

खारूताई

हे चालेल. पट्टीची कल्पना उचलते आहे.

आकडेमोड

भावना समजतात पण कुठे मोजमाप झालंय का? कारण "झाडी म्हणजे गुन्हे" हेही सर्रास म्हटलं जातं आणि "झाडी म्हणजे शांतता" हेही.

वाचनवेडी

झालंय. शिकागोत फ्रान्सिस कुओ आणि विल्यम सलिव्हन यांनी २००१ मध्ये गरीब वस्तीतल्या ९८ इमारतींच्या पोलीस नोंदी तपासल्या. ज्या इमारतींभोवती झाडं आणि गवत जास्त, तिथे गुन्ह्यांच्या नोंदी कमी निघाल्या, सगळ्यात उघड्याबोडक्या इमारतींच्या मानाने जवळपास निम्म्या. पण ती हिरवळ कुठल्या प्रकारची ते नीट बघा, उंच खोडाची झाडं आणि गवत. नजर अडत नाही अशी. झाडाखाली लोक येऊन बसतात, पोरं खेळतात, म्हणजे आपोआप लक्ष राहतं.

मला त्याहून पक्का वाटतो तो फिलाडेल्फियाचा प्रयोग, कारण त्यात चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं कुठे काम करायचं आणि कुठे नाही. चार्ल्स ब्रॅनस आणि सहकाऱ्यांनी ५४१ पडीक प्लॉट घेतले. काहींवरचा कचरा उचलला, गवत लावलं, थोडी झाडं लावली आणि भोवती बुटकं लाकडी कुंपण घातलं, ज्यावरून कुणीही सहज आत जाऊ शकेल. काही तसेच ठेवले. निकाल २०१८ मध्ये आले. आसपासच्या लोकांमध्ये बाहेर पडताना वाटणारी सुरक्षेची काळजी ५७.८ टक्क्यांनी कमी झाली, आणि गरीब भागांत बंदुकीची हिंसा २९.१ टक्क्यांनी घटली. तिथे काही फार मोठी बाग केली नव्हती. जागा साफ केली, हिरवी केली आणि नंतर ती तशीच राखली. माझ्या मते सगळी किमया त्या राखण्यात आहे.

आकडेमोड

धन्यवाद. चिठ्ठ्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, नाहीतर चांगल्या वस्तीत झाडंही जास्त आणि गुन्हेही कमी एवढंच निघतं.

कंदील

दिव्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो, माझं कामच ते आहे.

लोकांची पहिली मागणी असते "मोठा दिवा लावा". आणि मोठ्या दिव्याने बरेचदा उलटंच होतं. डोळ्यात थेट घुसणारा प्रखर दिवा असला की त्याच्या पलीकडचं काळंकुट्ट दिसतं. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे झगझगीत उजेडातून दहा पावलं पुढे गेलं की आपण आंधळेच असतो, आणि आपण मात्र उजेडात उभे असल्यामुळे सगळ्यांना दिसत असतो. त्यापेक्षा कमी उंचीचे, खाली तोंड केलेले, जवळजवळ लावलेले मंद दिवे कितीतरी बरे. उजेड एकसारखा पसरला पाहिजे, डबक्याडबक्याने नाही.

दुसरं म्हणजे नुसती जमीन दिसून भागत नाही, चेहरा दिसला पाहिजे. आमच्या क्षेत्रात १९८० पासून एक माप वापरात आहे, की समोरून येणाऱ्याचा चेहरा निदान ४ मीटरवरून ओळखू यावा, म्हणजे गरज पडली तर बाजूला व्हायला वेळ मिळतो. पिवळ्याजर्द जुन्या सोडियम दिव्याखाली उजेड भरपूर असायचा पण रंग कळायचे नाहीत, कपडे, चेहरे सगळं एकाच मातकट रंगाचं.

आणि तिसरं, हे सगळीकडे दिसतं, दिवा लावला तेव्हा झाड लहान होतं. आता फांद्यांनी दिवा आख्खा गिळलाय. वरून पाहिलं तर झाड आतून उजळलेलं, खाली वाटेवर मिट्ट काळोख. झाडांचा नकाशा करणारा आणि दिव्यांचा नकाशा करणारा एकत्र बसतच नाहीत. झाडवेडा, तुम्हाला उद्देशून नाही हो, तुम्ही बसत असाल.

दिव्यांचा परिणाम मोजलाही गेलाय. न्यूयॉर्कमध्ये २०१६ मध्ये सरकारी वसाहतींत चिठ्ठ्या टाकूनच दिव्यांचे टॉवर लावले होते, तिथे रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे साधारण ३६ टक्क्यांनी घटले. पण वर्दळीच्या वसाहतीतलं गणित निर्जन वाटेला जसंच्या तसं लावू नका. जिथे कुणीच फिरकत नाही तिथला एकटा दिवा बोलावून घेतो आणि एकटं सोडतो.

झाडवेडा

@कंदील, बसतो, पण फार उशिरा बसतो. तुमचं म्हणणं मान्य.

दोघींची_आई

बागेत कोण *नाही* हे बघायला हवं हे वर कुणीतरी म्हटलंय ते फार पटलं. व्हिएन्नात १९९६-९७ मध्ये असंच बघितलं होतं, तर लक्षात आलं की वयाच्या साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागेत दिसेनाशा होतात, मुलगे मात्र तसेच येत राहतात. मोठी मोकळी जागा एकच असली की ती मुलांच्या खेळाने भरून जाते आणि मुली भांडत बसत नाहीत, निघून जातात. मग त्यांनी १९९९ मध्ये दोन बागा बदलल्या, जास्त वाटा केल्या, मोठ्या जागेचे भाग पाडले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परत यायला लागल्या.

माझी धाकटी दहाची आहे. बागेत शिरताना ती काय करते माहितीये? फाटकाशी थांबते आणि आधी झोपाळ्यांकडे बघते. तिथे कुणी बाई बसलेली असेल तर आत, नसेल तर "आई चल ना घरी". तिला हे कुणीही शिकवलेलं नाही. फुलं, कारंजं सगळं नंतर.

बाकावरचे_आजोबा

मी सत्तरी ओलांडलेला माणूस, रोज दोन तास बागेत असतो, त्यामुळे लिहायचा अधिकार घेतो.

आमच्या वयाला सटकायची वाट वगैरे कामाची नाही, पळणार कोण? आम्हाला पाठ हवी. माझ्या बागेत एकाच आकाराचे दोन बाक आहेत. एक अगदी फुलांच्या ताटव्यात, देखणा, पण पाठीमागून वाट जाते. कुणी मागून आलं की दर वेळी मान वळवायला लागते, मानेचा त्रास असलेल्या माणसाला ती शिक्षाच आहे. दुसरा बाक जुन्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावून, समोर मोठी वाट, जराशी चढावर. तिथून फाटक दिसतं, पोरं दिसतात, पाणी घालणारा माळी दिसतो. पहिला बाक कायम रिकामा असतो आणि दुसऱ्यासाठी आम्ही चौघं लवकर येतो. ॲपलटन साहेबांचं वर वाचलं आणि म्हटलं अरे हा तर आमचाच बाक.

आणि मुलींनो, आम्ही बसलेलो असतो म्हणूनही तुम्हाला बरं वाटत असेल. चांगला बाक चांगल्या जागी ठेवला की पहारेकरी आपोआप तयार होतात. जेन जेकब्स बाईंनी १९६१ मध्येच लिहून ठेवलंय की बाग स्वतःच्या बळावर भरत नाही, आजूबाजूला निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या कामाने ये-जा करणारी माणसं असतील तरच ती दिवसभर जागी राहते. फिलाडेल्फियातल्या सारख्याच आकाराच्या चार चौकांची त्यांनी तुलना केली होती, आणि चौघांचं नशीब चार तऱ्हेचं निघालं.

सांजवारा (धागाकर्ती)

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! उत्तर द्यायला तीन आठवडे लागले कारण मधल्या काळात काम केलं.

झाडवेडा यांचा वळणाच्या पोटाचा मुद्दा मी कागदावर काढून देखभालवाल्यांना दाखवला. आम्ही पाचजणी आणि त्यांचा एक माळीकाका असे संध्याकाळी सातला त्या वाटेवर गेलो, दिवसा नाही, मुद्दाम सातला. जिथे जिथे पाऊल मंदावलं तिथे फांदीला चिंधी बांधली. वाट केवढी तर दीडशे पावलांची, आणि चिंध्या फक्त चार ठिकाणी बांधल्या गेल्या. पाचजणींचं त्यावर जवळजवळ एकमत होतं, याचं मला अजून नवल वाटतं. बाकी वाटेला हात लावायची गरजच नव्हती.

माळीकाकांनी पहिल्या वळणाच्या पोटातली झुडपं गुडघ्याएवढी उतरवली. त्यांतली तीन जुनी, जाड खोडांची होती ती कापायला मला जीवावर आलं, तर काकाच म्हणाले राहू द्या, आणि त्यांच्या फक्त खालच्या फांद्या काढल्या, नुसती खोडं उघडी केली. बाहेरच्या बाजूचं एक पान तोडलेलं नाही, खारूताई.

काल सव्वासातला एकटी गेले. पलीकडून कुणीतरी येत होतं, आणि मला आधी खोडांमधून पांढरे बूट दिसले, मग पाय, मग एक मुलगी, कानात इअरफोन घातलेली. बूट दिसले तिथपासून ती माझ्याजवळ पोहोचेपर्यंत मी तेरा पावलं मोजली. आधी चार-पाच होती.

दुसरं वळण अजून बाकी आहे. तिथला दिवा कंदील म्हणतात तसा फांद्यांनी पूर्ण गिळलाय. दिवा खाली आणायचा की फांदी काढायची यावर दोन मतं आहेत, फांदी मोठी आहे आणि तिच्यावर घरटं आहे.

खारूताई

दिवा खाली आणा!! निदान पिल्लं उडेपर्यंत तरी फांदीला हात लावू नका.

कंदील

खांब तोच ठेवून फांदीच्या खाली आडवा हात बसवता येतो, खर्च फार नाही. खांबाची उंची आणि फांदी जमिनीपासून किती वर आहे ते मोजून इथे टाका, रेखाचित्र करून देतो.

सांजवारा (धागाकर्ती)

उद्या टेप घेऊन जाते.